शेजाऱ्याला अतिवृष्टीचे पैसे आले, आमचे कुठे अडकले?

प्रश्न थोडक्यात असा. निफाड तालुक्यात गोदाकाठी १ हेक्टर ६२ आर जमीन. सातबारावर वडील, चुलते आणि ओझरला दिलेली आत्या अशी तीन नावं. सप्टेंबर २०२५ च्या पावसात ६० आर सोयाबीन आणि ४० आर लाल कांदा गेला. पंचनामा झाला, वडिलांनी सही केली. बांधाला बांध असलेल्या शेजाऱ्याच्या खात्यात पैसे आले, यांच्या नाही. तलाठी म्हणतात यादी पाठवली. सेतूवाला म्हणतो तुमचा व्हीके नंबरच दिसत नाही. बँकेत म्हणतात आधार जोडलेलं आहे, आमच्याकडून काही बाकी नाही. मुलगा सातपूरला कंपनीत कामाला, सुट्ट्या टाकून चकरा मारतोय. जोडीला दोन उपप्रश्न: टीव्हीवर हेक्टरी १८,५०० ऐकलं, मग शेजाऱ्याला ८,५०० च्या हिशेबानं कसे आले? आणि ५० आर द्राक्षबागेला छाटणीनंतर घडच निघाले नाहीत, त्याचं काय?

भाऊ, आधी बँकेच्या चकरा बंद करा. तुमचं प्रकरण बँकेपर्यंत पोचलेलंच नाही. मी महसुलात तलाठी म्हणून लागलो, मंडळ अधिकारी झालो आणि निवृत्तीआधीची काही वर्षं तहसीलमध्ये नैसर्गिक आपत्तीच्या टेबलावर काढली. तुमच्यासारखी प्रकरणं तिथं रोज यायची, आणि दहातली सात-आठ माणसं आधी बँकेतच जाऊन आलेली असायची. बँकेचा प्रश्न सगळ्यात शेवटी येतो.

तलाठी (हुद्द्याचं नाव आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, पण गाव अजून तलाठीच म्हणतं, मीही तेच म्हणतो) "यादी पाठवली" म्हणतात, तेव्हा ते खोटं बोलत नसतात. पण कुठली यादी, हे विचारायला पाहिजे. पंचनाम्यानंतर गावातून दोन गोष्टी निघतात. पहिलं म्हणजे गोषवारा: अमुक गावात इतके शेतकरी, इतकं जिरायत, इतकं बागायत, इतकी फळबाग बाधित. हा गोषवारा तहसील, जिल्हाधिकारी, विभागीय आयुक्त असा चढत मंत्रालयात मदत व पुनर्वसन विभागाकडे जातो. त्यात तुमचं नाव नसतं, फक्त आकडा असतो. त्या आकड्यावर निधीची मागणी होते, शासन निर्णय निघतो, जिल्ह्याला रक्कम मिळते. दुसरी गोष्ट म्हणजे नावनिशी यादी: खातेदार, गट नंबर, खाते नंबर, पीक, बाधित क्षेत्र, आधार, मोबाईल. ही यादी तहसीलच्या लॉगिनमधून पोर्टलवर चढते. ती चढली आणि मंजूर झाली की पुढची हालचाल सुरू होते. गोषवाऱ्यात तुमचं एक हेक्टर धरलेलं असूनही नावनिशी यादीत तुम्ही नसू शकता. तुमच्या बाबतीत तेच झालंय असा माझा अंदाज आहे.

व्हीके नंबर म्हणजे विशिष्ट क्रमांक. यादी पोर्टलवर चढली की प्रत्येक लाभार्थ्याला तो पडतो, तो घेऊन सेतूत किंवा आपले सरकार केंद्रात जायचं, अंगठा लावून केवायसी करायची. २०२५ च्या ऑक्टोबरपासून यात एक बदल झाला. ज्यांचा अ‍ॅग्रिस्टॅकचा (सरकारच्या शेतकरी नोंदणीचा) शेतकरी ओळख क्रमांक तयार आहे त्यांना केवायसीतून सूट मिळाली, त्यांचे पैसे थेट गेले. तुमचा शेजारी एकट्याच्या नावाचा खातेदार असेल आणि त्याचा ओळख क्रमांक झालेला असेल, तर त्याला सेतूची पायरी चढावीच लागली नसेल. म्हणून "त्याला आले, मला नाही" या तुलनेतून फार काही हाती लागत नाही. दोघांचं शेत एकच पाऊस झेलतं, पण कागद वेगवेगळे असतात.

तुमच्या कागदात तीन नावं आहेत. सामाईक खातं, बँकेतलं नव्हे, जमिनीचं. खरी गाठ इथं आहे.

सामाईक खात्यात पैसे कुणाच्या नावानं पाठवायचे, हे टेबलावरच्या माणसानं आपल्या मनानं ठरवायचं नसतं. एक तर तिघांचे हिस्से वेगळे दाखवून तिघांना रक्कम द्यायची, नाहीतर दोघांनी तिसऱ्याच्या नावानं संमतीपत्र द्यायचं. संमतीपत्र नसेल तर ती ओळ बाजूला राहते. कुणी मुद्दाम ठेवतं असं नाही. यादी चढवायला दोन दिवस दिलेले असतात, वरून दर तासाला फोन येतो की किती टक्के झालं, आणि मग कारकून सरळ ओळी आधी घेतो. सामाईक, मयत, आधार नसलेले, परगावी असलेले, हे सगळे "नंतर बघू" च्या गठ्ठ्यात जातात. तो गठ्ठा नंतर उघडला जातोच, पण त्यातला माणूस स्वतः येऊन उभा राहिला तर लवकर उघडतो. हे चांगलं नाही, पण असंच आहे.

आणखी एक शक्यता आहे, आणि ती आधी तपासा, कारण ती पाच मिनिटांत कळते. यादीत तुमच्या वडिलांचं नाव शोधू नका. खाते नंबर आणि गट नंबर शोधा. सामाईक खात्यात सातबारावर जे नाव पहिलं असतं तेच बरेचदा यादीत जातं. तुमच्याकडे पहिलं नाव चुलत्यांचं असेल तर व्हीके नंबर त्यांच्या नावानं पडलेला असेल, आणि सेतूवाला वडिलांचं आधार टाकून "दिसत नाही" म्हणतोय. अशा प्रकरणात दोन भाऊ माझ्या टेबलासमोर भांडले होते. थोरल्याच्या खात्यात तीन महिन्यांपूर्वीच पैसे येऊन पडले होते आणि त्याला स्वतःलाही माहीत नव्हतं, कारण आधार जोडलेलं होतं ते मुलीच्या लग्नाच्या वेळी उघडलेल्या भलत्याच खात्याला. पैसे तुम्ही दिलेल्या पासबुकावर जात नाहीत, आधार शेवटचं ज्या बँकेला जोडलंय तिकडे जातात. म्हणून चुलत्यांच्या सगळ्या खात्यांची चौकशी करा, आणि जरा गोडीनं करा.

तिथं काही निघालं नाही तर संमतीपत्राकडे वळा. चुलते आणि आत्या यांनी वडिलांच्या नावानं द्यायचं, त्यात गट नंबर, खाते नंबर, कोणत्या महिन्यातलं नुकसान हे स्पष्ट लिहायचं, दोघांच्या आधारच्या प्रती जोडायच्या. कुठं साध्या कागदावर चालतं, कुठं मुद्रांक मागतात, म्हणून टाइप करण्याआधी टेबलावर विचारून घ्या. आत्याबाईंना मात्र तो कागद नीट वाचून दाखवा. संमतीपत्र हे एवढ्या एका मदतीपुरतं असतं, त्यानं जमिनीवरचा हक्क सुटत नाही. काही हुशार घरांत याच निमित्तानं हक्कसोडीचा कागद पुढं सरकवला जातो, मग बहीण पुढच्या वेळी कुठंच सही करत नाही आणि सगळं घर अडकून बसतं. लेकीबाळींना सही कशाची हे न सांगता बोट टेकवायला लावलेलं मी पाहिलंय. तुम्ही तसं कराल असं मी म्हणत नाही, पण आत्याला ती भीती असेल तर ती वेडी नाही.

शेतकरी ओळख क्रमांकही तिघांचा वेगवेगळा काढावा लागतो. वडिलांचा झाला म्हणजे खात्याचा झाला असं नाही. आता पुढच्या प्रत्येक नुकसानीत हा क्रमांक मागतील, म्हणून आत्या ओझरहून येतील त्याच दिवशी तेही उरकून घ्या.

आता तिसरी शक्यता: क्षेत्र चुकलेलं असणं. हे मी स्वतःच्या चुकीवरून सांगतो. एका गारपिटीच्या वेळी रात्री अकराला यादी भरताना मी एका खातेदाराचं ०.४० हेक्टर ०.०४ लिहिलं. एक शून्य पुढं सरकलं. त्या माणसाला ४० आरऐवजी ४ आरचे पैसे गेले, तेसुद्धा किमान रकमेची अट होती म्हणून थोडेफार. तो बिचारा दोन महिने समजत होता की तलाठ्यानं वैर काढलं. शेवटी पंचनाम्याची मूळ प्रत घेऊन आला तेव्हा माझ्या ध्यानात आलं. फरकाची रक्कम मिळायला पुढची पुरवणी यादी निघावी लागली, कारण एकदा मंजूर झालेल्या ओळीत आकडा बदलता येत नाही. म्हणून ज्यांना केवायसी करावी लागते त्यांना माझं सांगणं: अंगठा टेकवण्याआधी पडद्यावरचं नाव, गट, क्षेत्र आणि रक्कम वाचा. चुकलेलं असेल तर तिथंच थांबा आणि आधी तहसीलला जा. सेतूवाल्याला मागं रांग असते, तो घाई करणार.

आता रकमेचा प्रश्न. यावर गावोगाव इतका गोंधळ आहे की तुम्ही विचारलंत हे बरं झालं.

पहिली गोष्ट, ही भरपाई नाही. शासन निर्णय उघडून बघा, तिथं शब्द आहे निविष्ठा अनुदान. पुढच्या हंगामात बी-खताला हातभार लागावा म्हणून, एका हंगामात एकदाच, आणि तेही पिकाचं ३३ टक्के किंवा त्याहून जास्त नुकसान असेल तरच. २०१५ पर्यंत ही अट ५० टक्क्यांची होती. तुमचं किती बुडालं आणि किती दिलं याचा मेळ घालायला गेलात तर तो कधीच बसणार नाही, कारण तो बसवायचा हेतूच त्या पैशात नाही. एकरी लाखांनी खर्च असलेल्या द्राक्षबागेला हेक्टरी साडेबावीस हजार, यातून काय ते समजा.

दुसरी गोष्ट, दर नुकसानीच्या तारखेवर ठरतो. केंद्राच्या निकषातला दर हेक्टरी जिरायतीला ८,५००, बागायतीला १७,००० आणि बहुवार्षिक पिकांना (फळबागा वगैरे) २२,५००, दोन हेक्टरच्या मर्यादेत. राज्यानं मधल्या काळात स्वतःची भर घातली. २६ नोव्हेंबर २०२३ ला निफाड-दिंडोरीला जी गारपीट झाली तिला जानेवारी २०२४ च्या निर्णयानं १३,६००, २७,००० आणि ३६,००० असे दर मिळाले, मर्यादा तीन हेक्टर. मग ३० मे २०२५ ला तो निर्णय मागं घेऊन पुन्हा केंद्राचे दर आणि दोन हेक्टर. सप्टेंबरच्या पावसानंतर ऑक्टोबर २०२५ ला ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर झालं, मर्यादा परत तीन हेक्टर. त्यामुळे चावडीवर एक जण म्हणतो मला बागेचे हेक्टरी छत्तीस हजार मिळाले होते, दुसरा म्हणतो साडेबावीस, आणि दोघंही खरं बोलत असतात.

आणि १८,५०० चं म्हणाल तर तो एक दर नाही, दोन रकमांची बेरीज आहे. ८,५०० निविष्ठा अनुदान, आणि वर रब्बीच्या बियाणं-खतासाठी हेक्टरी १०,०००. बागायतीचे २७,००० आणि बहुवार्षिकचे ३२,५०० हे आकडेही असेच जमले. दोन्ही रकमा वेगवेगळ्या निर्णयांनी, वेगवेगळ्या दिवशी येतात. शेजाऱ्याच्या खात्यात पहिला हप्ता दिसला आणि गावात बातमी पसरली की निम्म्यावर आणलं. विम्याचे संभाव्य पैसे धरून त्याहून मोठे आकडेही तेव्हा सांगितले गेले, ते तर डोक्यातून काढूनच टाका.

तुमचा हिशेब असा निघतो. सोयाबीन ६० आर, जिरायत दरानं ५,१००. लाल कांदा ४० आर, बागायत दरानं ६,८००. दोन्ही मिळून ११,९००. रब्बीसाठी एक हेक्टरचे १०,००० वेगळे. म्हणजे २१,९०० रुपये, आणि तिघांनी वाटून घेतले तर माणशी ७,३००. सुट्ट्या टाकून सातपूरहून किती चकरा परवडतात हे यावरून ठरवा. आमच्या विहिरीवरचं सोयाबीन जिरायत कसं, असं तुम्ही विचाराल. सगळेच विचारतात. विहीर असली म्हणून खरिपातलं सोयाबीन आपोआप बागायत धरलं जात नाही. ई-पीक पाहणीत (पिकाची मोबाईलवरून केलेली नोंद) सिंचनाचं साधन नोंदलेलं असेल तर निदान भांडायला कागद असतो. नोंद नसेल तर तो वाद घालू नका, जिंकणार नाही.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, पण गोदाकाठ म्हणालात म्हणून सांगतो. गंगापूर आणि दारणा धरणांचं पाणी सुटल्यावर सायखेडा-चांदोरी भागात शेतात गाळ बसतो. तीन इंचांपेक्षा जास्त गाळ असेल तर तो काढायला अल्पभूधारकांना हेक्टरी १८,००० ची वेगळी तरतूद आहे, आणि जमीनच खरडून गेली तर ४७,००० ची. पिकाचा पंचनामा झाला म्हणजे जमिनीचा झाला असं होत नाही. तो वेगळा मागावा लागतो, आणि गाळ काढण्याआधी. बहुतेक जण आधी जेसीबी बोलावतात आणि मग तलाठ्याला.

बागेचं मात्र मी तुम्हाला गोड सांगणार नाही. घड न निघण्याचं मूळ सप्टेंबरच्या पावसात नाही, मे-जूनमध्ये आहे. खरड छाटणीनंतर (उन्हाळ्यातली छाटणी) चाळीस ते साठ दिवसांत काडीच्या डोळ्यात सूक्ष्म घड तयार होतो आणि त्यासाठी ऊन हवं असतं. २०२५ ला मे महिन्यातच पाऊस बसला, २६ मे ला मान्सून मुंबईत होता. ढगाळ हवेत डोळे वांझ राहिले, आणि ते कळलं थेट ऑक्टोबरच्या गोडी (फळासाठीच्या) छाटणीनंतर. पंचनाम्याचा नमुना उभ्या पिकाचं दिसणारं नुकसान विचारतो. सप्टेंबरात तलाठी आले तेव्हा तुमची बाग हिरवीगार होती, त्यांनी लिहायचं तरी काय? या प्रकारासाठी नमुन्यात रकानाच नाही. तरीही तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे लेखी अर्ज द्या, पाहणीची मागणी करा, मागच्या वर्षीच्या मालाच्या पावत्या आणि यंदाच्या वांझ काड्यांचे तारखेचे फोटो जोडा. अशा अर्जांची संख्या वाढते तेव्हाच वरून वेगळा निर्णय होण्याची शक्यता असते. फळपीक विमा घेतलेला असेल तर तो हवामान केंद्राच्या नोंदींवर चालतो, त्यात कोणत्या काळातला कोणता धोका धरलाय ते पॉलिसी वाचूनच कळेल. गारपिटीचं जोडसंरक्षण घेतलं असेल तर ७२ तासांत कळवायचं असतं, हे पुढच्या वेळेसाठी लक्षात ठेवा. विमा आणि सरकारी मदत दोन्ही वेगळ्या वाटा आहेत. एक मिळाली म्हणून दुसरी जात नाही, एकीचा अर्ज दुसरीला चालतही नाही.

आता तहसीलला गेल्यावर काय करायचं ते. तोंडी विचारू नका, अर्ज द्या. अर्जात चारच गोष्टी विचारा: आमच्या गटाचा पंचनामा कोणत्या तारखेचा आहे, त्यात बाधित क्षेत्र किती, नावनिशी यादीत हा खाते नंबर आहे का, आणि नसेल तर कारण काय. सोबत सातबारा, आठ अ (खात्याचा उतारा), ई-पीक पाहणीची नोंद आणि संमतीपत्र. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. शिक्का नसलेल्या अर्जाला आमच्या खात्यात किंमत नाही. पंधरा-वीस दिवसांत हालचाल दिसली नाही तर दर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी तालुक्याचा लोकशाही दिन (तक्रारी ऐकण्याचा दिवस) असतो, तिथं द्या. पहिल्या सोमवारी जिल्ह्याचा, नाशिकला. पंचनाम्याची प्रत देत नसतील तर माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. लाभार्थ्यांची यादी जिल्ह्याच्या संकेतस्थळावर लावायची, असं शासन निर्णयातच लिहिलेलं असतं, तीही एकदा पाहून घ्या. पुढाऱ्याकडून फोन लावण्यानं कधी काम होतं, नाही असं नाही. पण पुढारी पुरवणी यादीपर्यंत विसरतो, आवक क्रमांक विसरत नाही.

पैसे जमा झाले आणि बँकेनं पीककर्जाला वळते केले किंवा खातं अडवलं, तर मात्र बँकेत जा. मदतीची रक्कम कर्जखात्यात वळती करू नये अशी स्पष्ट सूचना त्याच शासन निर्णयात असते. निर्णयाची प्रत छापून न्या, त्या ओळीखाली पेनानं रेघ मारा आणि शाखाधिकाऱ्यांपुढं ठेवा. आवाज चढवायची गरज पडत नाही.

आणि हो, उन्हाळ कांद्याची लागण झाली असेल तर त्याची ई-पीक पाहणी केली का? वडिलांना फोनवर जमत नसेल तर येत्या रविवारी तुम्हीच बांधावर उभं राहून करा. कांदा नोंदताना सिंचनाच्या जागी विहीर टाका, आणि बागेचे ५० आर वेगळे नोंदवा.